बॉम्बे बीच नावाचं गाव, आटत चाललेला खारा तलाव आणि माझ्या नळाचं पाणी

अनवाणी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायचा मूड आलाय. सॅन डिएगोत येऊन नऊ वर्षं झाली पण अडीच तासांवर असलेला सॉल्टन सी नावाचा खारा तलाव कधी बघितला नव्हता. मागच्या लाँग वीकेंडला नकाशात सहज 'बॉम्बे बीच' नाव दिसलं आणि म्हटलं चला, दादर चौपाटी नाही तर हे तरी.

बोरेगो स्प्रिंग्जकडून उतरलो. उतरलो म्हणजे खरंच उतरलो, रस्ता खाली खाली जात राहतो आणि मधेच समुद्रसपाटी मागे पडते, तरी उतार संपत नाही. मग समोर एवढं मोठं निळं पाणी की पलीकडचा काठ उन्हात थरथरताना दिसतो. पाण्याची पातळीच समुद्राच्या सत्तर-बहात्तर मीटर खाली आहे. लांबी साधारण ५५ किमी, क्षेत्रफळाने कॅलिफोर्नियातला सगळ्यात मोठा तलाव, आणि आजूबाजूला वर्षाला तीन इंच पण पाऊस नाही. पोरगी म्हणाली बाबा मग हे पाणी आलं कुठून. मला सांगता येईना.

आधी पश्चिमेकडचं सॉल्टन सिटी लागलं. १९५८ साली प्लॉट पाडले, रस्ते केले, विजेचे खांब टाकले, आणि बहुतेक प्लॉटांवर अजून नुसती वाळू. चौकाचौकात रस्त्यांच्या नावाच्या पाट्या उभ्या आहेत, घर मात्र दहातलं एक. मग तलावाला दक्षिणेकडून वळसा घालून वेस्टमोरलँड, नायलंड करत बॉम्बे बीचला पोचलो. वाटेत शेतं, नुसती शेतं, अल्फाल्फाच्या गवताचे गठ्ठे इमारतीएवढे रचलेले, आणि मातीचे कालवे. एका कालव्यापाशी थांबून चकल्या खाल्ल्या, तिथला फोटो खाली टाकलाय, विशेष काही नाही, कडेला मातीची ढेकळं आहेत फक्त.

बॉम्बे बीचची वस्ती २०२० च्या जनगणनेत २३१. गाव आणि पाणी यांच्यात मातीचा बांध आहे, कारण सत्तरच्या दशकात वादळं आली तेव्हा पाणी घरात शिरलं होतं. आता बांधावर चढलं की उलटं, पाणी लांब पळालंय, चालत जावं लागतं. पांढरी वाळू समजून चालायला लागलो तर पायाखाली कुर्र कुर्र. वाकून बघितलं तर ती वाळू नव्हतीच, बार्नकलची (खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या समुद्री जीवांची) कवचं आणि माशांची हाडं. आयडी अनवाणी असला तरी त्या दिवशी बूट काढले नाहीत.

घरी येऊन चार रात्री वाचत बसलो. आणि एक गोष्ट अशी कळली की तेव्हापासून नळ सोडताना कसंतरीच होतं. ती पुढच्या प्रतिसादात लिहितो, आधी स्वयंपाक.

सांडगा

मुंबई नाव होऊन इतकी वर्षं झाली तरी तिकडे अजून बॉम्बेच? निवेदन द्यायला कोण चाललंय, मी गाडीत मागे बसायला तयार आहे.

लोणारकर

फोटो बघून घरची आठवण झाली. खारं पाणी, तो वास, काठावरचा पांढरा थर. आमचं लोणार उल्केचं विवर, हे काय आहे? ज्वालामुखी? आणि गुलाबी होतं का कधी? आमचं २०२० च्या जूनमध्ये झालं होतं, टीव्हीवाल्यांनी काय काय लावलं होतं, शेवटी मिठात जगणारे सूक्ष्मजीव निघाले.

अनवाणी

@लोणारकर, नाही, हा तलाव म्हणजे एका कालव्याची चूक आहे. म्हणजे निदान माझा तरी तसा समज झालाय.

झालं असं की १९००च्या सुमारास एका कंपनीने कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने या वाळवंटात आणलं आणि जमीन विकायला नाव ठेवलं 'इम्पिरियल व्हॅली', कारण 'कोलोरॅडो वाळवंट' म्हटलं तर कोण घेणार. नदीला गाळ प्रचंड, दोन-तीन वर्षांत कालव्याचं तोंड बुजलं. शेतकरी ओरडायला लागले म्हणून १९०४ मध्ये मेक्सिकोच्या हद्दीत नदीला नवीन फाटा कापला, आणि दरवाजे न बसवताच. १९०५ ला एकामागून एक पूर आले, फाटा रुंद होत गेला आणि अख्खी नदी समुद्राकडे जायचं सोडून या खोलगट भागात शिरली. जवळपास दोन वर्षं पडत होती. सदर्न पॅसिफिक रेल्वेने पूल बांधून त्यावरून आगगाड्या भरभरून दगड ओतले, तेव्हा १९०७ च्या फेब्रुवारीत कुठे ती फट बुजली. तळाला मिठागर होतं, न्यू लिव्हरपूल सॉल्ट कंपनीचं, ते रुळांसकट गेलं पाण्याखाली.

आता नदी बंद झाली म्हणजे हे पाणी वीस-तीस वर्षांत उडून जायला हवं होतं, तिथे वर्षाला जवळपास सहा फूट पाण्याची वाफ होते. पण गेलं नाही, कारण वरच्या शेतांतून निचऱ्याचं पाणी सतत येत राहिलं. बाहेर जायला वाट नाही, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. आमटी आटवत ठेवली की होते तसं. आज समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ तर इथे साठच्या वर.

आणि नळाचं म्हणाल तर, २००३ साली करार झाला की इम्पिरियल व्हॅलीने शेतीचं पाणी वाचवायचं आणि ते सॅन डिएगोला विकायचं, वाढत वाढत वर्षाला दोन लाख एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं पाणी, साधारण सव्वाबारा लाख लिटर. शेतात पाणी कमी वापरलं की निचरा कमी, निचरा कमी की तलाव आटला. पहिली पंधरा वर्षं तलावात भरपाईचं पाणी सोडत होते, ते २०१७ संपताना बंद. आमच्या शहराच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आज या करारातला आहे. मी पाणी वाचवतो म्हणून मिरवत होतो, शॉवरखाली बादली ठेवून झाडांना घालतो वगैरे, आणि तिकडे...

हिशोबनीस

छोटी दुरुस्ती. ते पाणी प्रत्यक्षात इम्पिरियलहून तुमच्याकडे येत नाही. तुमचं पाणी कोलोरॅडो नदीवरच्याच हवासू तलावातून कोलोरॅडो अॅक्विडक्टने येतं, म्हणजे वरच्या वरच उचललं जातं. कागदावर अदलाबदल आहे. इम्पिरियलवाल्यांनी तेवढं कमी घ्यायचं, तुम्ही तेवढं जास्त. निष्कर्षाला बाधा येत नाही, पण बोलताना नीट बोलावं.

अनवाणी

मान्य. नीट बोलतो: मी तलावातलं पाणी पीत नाही, तलावापर्यंत पोचायच्या आधीच पितो.

कोरडवाहू

अनवाणी साहेब, मनाला लावून घेऊ नका, हे आमच्याकडे रोजचंय. पाट मातीचा असतो तेव्हा पाझरतो, त्या पाझरावर खालच्या चार गावांच्या विहिरी चालतात. मग कोणीतरी इंजिनियर येतो, म्हणतो एवढं पाणी वाया चाललंय, सिमेंटचं अस्तर मारू. अस्तर मारलं की टेलला पाणी पोचतं, कागदावर बचत, आणि पाटालगतचा शेतकरी मोर्चा काढतो कारण त्याची विहीर कोरडी. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात हीच तर खरी डोकेदुखी. वाया जाणारं पाणी असं काही नसतंच हो, ते कोणाच्या तरी विहिरीत जात असतं. तिकडे असं झालं का?

हिशोबनीस

तंतोतंत झालं. इम्पिरियलला पाणी नेणारा ऑल अमेरिकन कॅनॉल मेक्सिकोच्या सीमेलगत जातो, अगदी काठावरून. त्याचा पाझर पलीकडे मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींना मिळत होता. त्याला २३ मैल नवीन काँक्रीटची वाट केली, काम २००९ च्या सुमारास आटोपलं. मेक्सिकोतल्या लोकांनी कोर्टात विरोध केला पण अमेरिकेने कायदा करून काम पुढे रेटलं. वाचलेलं पाणी कुठे गेलं? बराचसा भाग सॅन डिएगो.

अनवाणी

अरे बास की आता, उद्यापासून आंघोळच करत नाही.

टिटवी

पक्ष्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून येतेय. सॉल्टन सी हे पक्षीवाल्यांचं पंढरपूर आहे, चारशेच्या वर जातींची नोंद आहे तिथे. कॅलिफोर्नियाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणथळ जागा माणसाने बुजवल्या, त्यामुळे अलास्काकडून मेक्सिकोकडे जाणाऱ्या पक्ष्यांना उतरायला उरलंय काय, हा 'चुकीचा' तलाव. १९३० पासून दक्षिण टोकाला अभयारण्य आहे.

पण तितकंच वाईटही बघितलंय त्या पाण्याने. १९९२ ला दीड लाखाच्या आसपास काळ्या मानेच्या पाणडुब्या मेल्या. १९९६ ला बोट्युलिझम नावाच्या विषबाधेने साडेआठ हजारांवर पांढरे पेलिकन, तिथल्या तिलापिया माशांच्या पोटात ते विष तयार व्हायचं आणि मासा खाल्ला की पक्षी लुळा. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तर एका दिवसात ७६ लाख मासे तरंगले, पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून. अनवाणी तुम्ही ज्यावरून चाललात ती ही हाडं. २०१९ ला आपल्या सांभर सरोवरात अठरा हजारांहून जास्त पक्षी गेले ना, तोच बोट्युलिझम, तेव्हा मी जयपूरला होते, काठावर माना टाकून पडलेले पक्षी अजून स्वप्नात येतात.

आता मासेच जवळपास संपले त्यामुळे पेलिकन येणं कमी झालंय. चिखलातले छोटे पाणपक्षी अजून हजारोंनी येतात.

सांडगा

एक शंका. तलाव मुळात अपघाताने झालेला, नैसर्गिक नाहीच, मग आटला तर आटू दे की. १९०४ ला होतं तसं होईल. वाचवायचा अट्टाहास कशाला, तेही माणसाच्या चुकीला?

भिगवणकर

@सांडगा, मग आमचं उजनी पण मानवनिर्मितच आहे की. धरण झालं, पळसदेवचं देऊळ पाण्याखाली गेलं, पाणी उतरलं की कळस वर येतो. आणि त्याच पाण्यावर फ्लेमिंगो यायला लागले, भिगवण-कुंभारगावातली पोरं बोटी चालवून घर चालवायला लागली. आता म्हणायचं का की हे फ्लेमिंगो खोटे? शंभर वर्षं झाली की चूक पण गावकरीच होते.

भूतापी

दोन वर्षं नोकरीनिमित्त तलावाच्या दक्षिणेला एल सेंट्रो-ब्रॉलीला होतो, जिओथर्मलमध्ये (जमिनीखालच्या उष्णतेवरची वीज), त्यामुळे थोडी भर घालतो.

सांडगा भाऊ, "आटू दे" म्हणायला हरकत नव्हती, जर खाली नुसती वाळू असती. शंभर वर्षं शेतातली खतं, कीटकनाशकं, सेलेनियम सगळं त्या गाळात बसलंय. न्यू रिव्हर तर मेक्सिकालीहून उलटी उत्तरेकडे वाहत येते, शहराचं सांडपाणी घेऊन (आता पूर्वीपेक्षा बरंच बरं आहे). पाणी मागे सरकलं की तो गाळ उघडा पडतो, वाळून पीठ होतो, आणि वारा सुटला की आभाळ पिवळं. इम्पिरियल काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) दम्यासाठी इमर्जन्सीत नेलेल्या पोरांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास आहे. आमच्या ऑफिसातल्या बायकांच्या पर्समध्ये गाडीची किल्ली आणि पोराचा इन्हेलर एकत्र असायचा, त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

२०१२ च्या सप्टेंबरात वादळाने तळ ढवळला तेव्हा सडक्या अंड्याचा वास थेट लॉस एंजेलिसपर्यंत गेला, दोनशे किमीच्या वर. तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या. तलावाजवळच्या मेक्का, नायलंड गावांतल्या लोकांना तो वास दर उन्हाळ्यात येतो, त्याची बातमी होत नाही.

आणि "१९०४ ला होतं तसं" म्हणजे रिकामं नव्हतं हो ते. काविया लोक तिथलेच, हजारो वर्षांपासून. कोलोरॅडो नदी दर काही शतकांनी आपणहून या बाजूला वळायची आणि याहून कितीतरी मोठा तलाव व्हायचा, शेवटचा १७००च्या सुमारास. डोंगरावर त्याची पाण्याची रेघ आजही दिसते, खडकावर चुनखडीचा थर आहे, ट्रॅव्हर्टाइन पॉइंट म्हणतात त्याला. त्या काठावर काविया लोकांनी मासे पकडायला दगडांची कडी रचलेली आहेत, एकाखाली एक ओळी. पाणी उतरत गेलं तशी दर वर्षी नवी ओळ खाली मांडली. म्हणजे तलाव आटण्याला कसं सामोरं जायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १९०५ च्या पाण्याने मात्र त्यांच्या टॉरेस मार्टिनेझ राखीव जमिनीतली ११००० एकरांच्या आसपास जमीन बुडाली आणि भरपाईचा कायदा झाला २००० साली.

अनवाणी

भूतापी, दंडवत. "कालव्याची चूक" हे माझं वाक्य मागे घेतो. नदी पहिल्यापासून येत-जात होतीच, चूक एवढीच की आपण मधे दरवाजा ठेवला नाही.

लोणारकर

+१. दगडांच्या ओळी वाचून काटा आला.

मावशीबाई

तिथे आता राहतं कोण पण? एवढा वास, एवढी धूळ, ४५-४८ डिग्री ऊन, मी तर एक दिवस टिकणार नाही.

भूतापी

मावशी, थोडक्यात सांगायचं तर ज्यांना दुसरीकडे परवडत नाही ते, आणि ज्यांना दुसरीकडे राहायचंच नाही ते.

उत्तरेला मेक्का, थर्मल, ओएसिस या गावांत शेतमजूर. बहुतेक मेक्सिकन, आणि त्यातही बरेच पुरेपेचा, मिचोआकान राज्यातले आदिवासी, ज्यांची भाषा स्पॅनिश नाही, वेगळीच आहे. दवाखान्यात स्पॅनिश दुभाषा दिला तरी उपयोग नाही. मोबाईल होमच्या वस्त्यांमध्ये राहतात, काही ठिकाणी विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक इतकं की पाण्याच्या बाटल्या वाटाव्या लागतात. पंधरा मैलांवर इंडिओत मोठमोठे म्युझिक फेस्टिव्हल आणि हिरवीगार गोल्फ कोर्सं. खजूर मात्र याच लोकांच्या हातचा. झाडावर चढून परागकण हाताने घालायचे, घोस विरळ करायचे, कागदी पिशव्या बांधायच्या, मग तोडायचे. एका झाडावर वर्षातून कितीदा तरी चढायचं. या मजुरांना पालमेरो म्हणतात.

पूर्वेला नायलंडजवळ स्लॅब सिटी. दुसऱ्या महायुद्धातला मरीनचा तळ होता, इमारती काढून नेल्या, काँक्रीटचे चौथरे राहिले. त्यावर लोक गाड्या-तंबू लावून राहतात, भाडं नाही, नळ नाही, वीज नाही. हिवाळ्यात निवृत्त म्हातारे थंडीतून पळून येतात, उन्हाळ्यात खरे अडलेले तेवढे उरतात.

बॉम्बे बीचमध्ये २०१६ पासून कलाकार मंडळी येऊन पडक्या घरांची शिल्पं करतात. जुने रहिवासी काही खूश, काही वैतागलेले. पन्नास-साठच्या दशकात तिथे मासेमारी, वॉटर स्कीइंग, नाचगाणं सगळं होतं. नॉर्थ शोअरचा यॉट क्लब अजून आहे, बोटी नाहीत, आता कम्युनिटी सेंटर.

जुना_पोस्टमन

या भागाचा आपल्याशीही एक धागा आहे, कोणी लिहिला नाही म्हणून. १९१०-२० च्या काळात पंजाबातले पुष्कळ पुरुष इम्पिरियल व्हॅलीत शेती करायला गेले. बायका आणायला बंदी, गोऱ्या बाईशी लग्न करायला बंदी, म्हणून मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. लायसन्स देणारा कारकून दोघांचा वर्ण 'ब्राऊन' लिहून मोकळा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमीन नावावर होईना, १९२३ ला थिंड खटल्यात तर हिंदी माणसाला नागरिकत्वच नाही असा निकाल आला. मग कोणी ओळखीच्या गोऱ्याच्या नावाने तर कोणी इथे जन्मलेल्या पोरांच्या नावाने जमीन घेतली. घरात बाप पंजाबी, आई स्पॅनिश बोलणारी, पोरं कॅथलिक आणि आडनाव सिंग.

दलीपसिंग सौंद त्यातलेच शेतकरी, मात्र बर्कलीचे गणितातले पीएचडी. पीएचडी होऊन लेट्यूस लावायचं, काय करणार, नोकरी कोण देणार होतं. १९४९ ला नागरिक झाले, वेस्टमोरलँडचे न्यायाधीश झाले, आणि १९५६ ला अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, पहिले आशियाई. तलाव ज्या दोन काउंट्यांत पसरलाय त्या दोन्ही त्यांच्या मतदारसंघात. हरवलं कोणाला तर जॅकलिन कॉकरन, जगप्रसिद्ध वैमानिक बाई. थर्मलच्या विमानतळाला आज बाईंचं नाव आहे.

अनवाणी

वेस्टमोरलँड! तिथेच तर चकल्या खाल्ल्या आम्ही. पाटी पण नाही दिसली कुठे. (असेलही, आम्ही बाथरूम शोधत होतो.)

सांडगा

बरं, मी माझं "आटू दे" अर्धं मागे घेतो. पण मग समुद्राचं पाणी का आणत नाहीत? कॅलिफोर्नियाचं आखात तसं जवळ आहे आणि तलाव खाली आहे, पाइप टाका, उताराने येईल.

हिशोबनीस

वाटतं तितकं सोपं नाही, मधे चढ आहे आणि दुसरा देश आहे. आणि समुद्राचं पाणी आणलं म्हणजे मीठही आणलं. बाहेर जायला वाट नाही, मग खारटपणा वाढतच जाणार. खारट आमटीत कमी खारट आमटी घालून किती दिवस भागणार? तज्ज्ञ समितीने २०२२ ला सगळे प्रस्ताव तपासून नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी दक्षिणेला न्यू रिव्हरच्या मुखाशी हजारो एकरांवर उथळ तळी करायचं काम हाती घेतलंय, धूळही दबेल आणि पक्ष्यांनाही जागा. अख्खा तलाव वाचवायचा विषय कोणी गंभीरपणे बोलत नाही.

कोरडवाहू

आणि लिथियमचं काय? व्हॉट्सअॅपवर आलं होतं की तिथे खजिना सापडला.

भूतापी

खजिना खरा आहे. जमिनीखाली ३०० डिग्रीच्या आसपास तापलेलं खारं पाणी आहे, त्यावर दहा-अकरा वीजकेंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत, आणि त्या पाण्यात लिथियम आहे. सरकारी अभ्यासही २०२३ ला आलाय, साठा प्रचंड आहे म्हणून. पण त्या खाऱ्या पाण्यातून लिथियम व्यापारी प्रमाणात वेगळं काढणं म्हणजे बुंदीच्या लाडवातून वेलचीचे दाणे वेचणं, आणि ते पाणी पाइपात कशी खपली धरतं ते मी हाताने खरवडलंय. शिवाय याला गोडं पाणीही लागणार, ते पुन्हा त्याच कालव्यातलं.

तिथल्या लोकांनी आधी शेतीचं स्वर्ग ऐकलं, मग रिसॉर्टचं, आता 'लिथियम व्हॅली'. ब्रॉलीत माझा घरमालक म्हणायचा, आधी रस्त्याचा खड्डा बुजवा मग व्हॅली म्हणा.

मावशीबाई

अनवाणी, पुढच्या वर्षी लेकीकडे येणार आहे, जावं का? कधी जावं? खजूर कुठला घ्यावा तेही सांग.

अनवाणी

मावशी, डिसेंबर-जानेवारीत जा, मे ते सप्टेंबर चुकूनही नको. वारा असेल त्या दिवशी राहू द्या. पाणी-पेट्रोल भरून घ्या. खजूर मेक्काच्या आसपास, मेडजूल मऊ आणि मोठा, देगलेत नूर थोडा कोरडा पण मला तोच आवडला, लाडूला बरा.

टिटवी

अहो अनवाणी, तुमचा तो कालव्याचा फोटो आत्ता मोठ्या स्क्रीनवर उघडला. डावीकडून तिसरं ढेकूळ जरा झूम करा. इम्पिरियल व्हॅलीत मातीच्या कालव्यांच्या काठाला बिळात राहणारी छोटी घुबडं असतात, आपल्या पिंगळ्यासारखी, पाय लांब. कॅलिफोर्नियातली बहुतेक घुबडं याच कालव्यांवर राहतात. सिमेंट केलं की बीळ संपलं.

अनवाणी

केलं झूम. ढेकूळ नाहीये. डोळे आहेत, पिवळे. आणि चौथं पण.